दोन चौकटींमधली गल्ली

९ जानेवारी

आज ठरवलं ते आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मीच मला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून यातून बाहेर काढीन. मी एक चित्रकथा करणार आहे. कॉमिक्स. आणि मला सरळ रेघ मारायला सांगितली, तर ती दारूच्या दुकानातून घरी निघाल्यासारखी जाते.

कारण असं. लग्न झाल्यापासून माझी एकही कथा ह्यांनी वाचल्याशिवाय छापायला गेलेली नाही. हे काही साहित्यातले नव्हेत. सगळी नोकरी बस आगारात, गाड्यांची वेळापत्रकं बसवण्यात गेली. पण हे वाचत असताना मी समोर बसून ह्यांचा चेहरा बघायची, आणि कथा कुठे जिवंत आहे, कुठे मान टाकते, ते मला तिथल्या तिथे कळायचं. संपादक काय म्हणतात याची मी त्यामुळे कधी फिकीरच केली नाही.

मग ह्यांना झटका आला. चालणं बरंचसं परत आलं, उजवा हात अर्धामुर्धा. बोलणं येतं, पण एकेक शब्द विहिरीतून शेंदून काढल्यासारखा. वाचणं मात्र गेलं ते गेलंच. अक्षरं दिसतात, पण लागत नाहीत. पेपर उघडतात, फोटो बघतात आणि नीट घडी घालून ठेवून देतात. ती घडी बघवत नाही मला. कथा वाचून दाखवायला जावं, तर दुसऱ्या परिच्छेदाला डोळे मिटून घेतात. डॉक्टर म्हणाले, एवढं सलग बोलणं कानावर पडलं की ते गर्दीत चुकलेल्या माणसासारखे होतात.

आज दुपारी हे मुलांचं एक साप्ताहिक चाळत बसले होते. माझी धाकटी नणंद त्यात चित्रकथा काढते, अंक तीच टाकून गेली होती. पानभर गोष्ट, एकही अक्षर नाही. एक माणूस छत्री विसरतो आणि ती परत मिळवता मिळवता चपला गमावतो, असलं काहीतरी. आणि हे हसले. उगाच नाही, जिथे हसायला हवं तिथेच. मी स्वयंपाकघराच्या दारात ओला चमचा हातात धरून उभी राहिले आणि मला रडूच फुटलं. ह्यांना गोष्ट कळते. फक्त अक्षरांच्या वाटेने ती ह्यांच्यापर्यंत येत नाही.

मला माझा वाचक परत हवा आहे. बाकी सगळं बोलणं उगाच.

११ जानेवारी

नणंदेला फोन केला. म्हटलं, माझ्या एका कथेला तू चित्रं काढ.

"वहिनी, कथेला चित्रं चिकटवायची असतील तर दुसरं कोणीतरी बघ."

"बरं बाई, मग काय करायचं असतं?"

"ये इकडे. फोनवर नाही सांगता येत."

तिची अट अशी, की ती जे खोडेल ते मी खोडू द्यायचं. मी म्हटलं, जन्मभर संपादकांचे वार झेललेत, तुझे काय घेऊन बसलीस. ती फोनवर हसली. मला ते हसणं काही आवडलं नाही.

फोन ठेवला तर ह्यांनी हाक मारली. "ते... ते..." म्हणाले. मी म्हटलं, चष्मा? लगेच आणून दिला. चष्मा हातात धरून तसेच बसून राहिले. हल्ली ह्यांना नेमकं काय हवं असतं ते देवालाच ठाऊक.

१५ जानेवारी

कथा लिहून घेऊन गेले. छोटीच आहे. चौथ्या मजल्यावर एक म्हातारा एकटा राहतो. लिफ्ट कायमची बंद. तो दोरीला टोपली बांधून खाली सोडतो, आणि तळमजल्यावर शिलाई मशीन चालवणारी एक बाई त्यात पाव, दूध, औषध, जे काही त्याला लागेल ते ठेवते. दोघांनी एकमेकांना जवळून कधी पाहिलेलं नाही. एक दिवस टोपली खाली येत नाही. बाई वाट बघते, मग चार मजले चढून जाते आणि दार वाजवते. म्हातारा दार उघडतो. संपली.

नणंदेची काम करायची खोली म्हणजे एक उतरतं टेबल, शाईच्या बाटल्या, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणलेल्या दोरीवर चिमटे लावून वाळत टाकलेली पानं. बाई गरीब, पण पेन्सिल हातात आली की कसाई. माझी पहिली चौकट मी अशी लिहिली होती: म्हातारा एकटा राहत होता, त्याची बायको वारली होती, त्याला अजून तिची सवय सुटली नव्हती. एवढं सगळं चित्राच्या वर छापायचं, असा माझा बेत.

तिने ते वाचलं आणि एक अक्षर न बोलता एक भिंत काढली. भिंतीवर कप टांगायचे दोन आकडे. एकाला कप. दुसरा रिकामा, पण पुसलेला, लख्ख.

"झालं?" म्हणाली.

माझी तीन वाक्यं त्या आकड्याला टांगून ती मोकळी झाली होती. आणि गंमत अशी की माझ्या वाक्यांनी मला कधी काही झालं नव्हतं, आणि त्या रिकाम्या आकड्यावरून मात्र नजर हलेना. मी तिला विचारलं, हे तुला सुचतं कसं? तर म्हणे, "सुचत नाही, वहिनी. तुझ्या कथेतलंच आहे. तू त्याच्यावर बोलत बसली होतीस, म्हणून दिसत नव्हतं."

नणंद आहे. टोमणा मारल्याशिवाय चहा पचत नाही तिला.

२१ जानेवारी

आज जे बघितलं ते नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे.

तिने दोन चौकटी काढल्या. पहिलीत टोपली चौथ्या मजल्याच्या कठड्यावर. दुसरीत टोपली जमिनीवर, बाईच्या पायाशी. मधे बोटभर पांढरी पट्टी, कागद तसाच कोरा सोडलेला. त्या पट्टीला ती गल्ली म्हणते.

"टोपली खाली कशी आली?" तिने विचारलं.

"कशी म्हणजे? दोरीने. झोके खात, भिंतीला घासत आली की."

"कुठे काढलंय मी ते?"

मी बघितलं. कुठेच नव्हतं. झोका नव्हता, घासणं नव्हतं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीशी ती जरा अडकलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती आणि कागदावर दुसरा मजलाच नव्हता. मी परत पहिली चौकट बघितली, परत दुसरी. टोपली परत उतरली. तिसऱ्यांदाही उतरली.

"ती गल्लीतून येते," नणंद म्हणाली. "गल्ली वाचकाची. तिथे तो एकटा जातो आणि आपलं जे असेल ते तिथे ठेवतो. आपण तिथे पाऊल टाकायचं नाही. मी पण नाही आणि तू तर नाहीच नाही."

इतकी वर्षं मी लिहितेय. दोन परिच्छेदांमध्ये मीही जागा सोडते, पण ती दम खायला. तिथे काही घडत असेल असं कधी मनातही आलं नाही. घरी येताना बसमधून समोरच्या इमारतीच्या खिडक्या बघत होते. एकीत कोणीतरी हात पुसत होतं, शेजारच्या खिडकीत कोणीतरी ताटासमोर बसलेलं. झालं, माझ्या डोक्यात त्यांचं भांडण होऊन समेटसुद्धा झाला. मधे नुसती भिंत होती. माझा थांबा मागे गेला आणि दोन थांबे उलटं चालत आले. पाय दुखतायत, पण अंगावर काटा आहे अजून.

हे दारात उभे होते. मी चपला काढायच्या आधीपासून सगळं सांगायला लागले, गल्ली, टोपली, खिडक्या. हे मान हलवत होते. मधे काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मी म्हटलं, हो हो, उशीर झाला, ठाऊक आहे, भूक लागली असेल. पानं घेतली. फारसे जेवले नाहीत.

२५ जानेवारी

स्पीचवाल्या बाईंकडे ह्यांना घेऊन गेले. बाईंनी आज मला बाहेर बसायला सांगितलं. मी म्हटलं, अहो, पण ह्यांना काय म्हणायचंय ते मला कळतं, मी मदत करीन. त्या गोड हसल्या आणि दार लावून घेतलं. डोक्यावर मिऱ्या वाटतात या पोरी.

बाहेर बाकावर बसले. दाराआडून ह्यांचा आवाज येत होता. बराच वेळ काही नाही, मग एखादा शब्द, मग परत काही नाही. एकदा स्पष्ट ऐकलं, "पंखा... जरा... कमी करा." चार शब्द, सलग नाहीत, पण वाक्य पुरं. घरी हे एवढं बोलत नाहीत. आत बाई काय जादू करतात, एकदा बघायला पाहिजे.

३ फेब्रुवारी

पानं आकाराला येतायत. रोज काहीतरी नवीन कळतं आणि मी शाळेतल्या मुलीसारखी आ वासून बघते. चौकट रुंद केली की वेळ लांबते. बाई टोपलीची वाट बघते ती चौकट नणंदेने पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. एका कडेला मशीनवर बाई, दुसऱ्या कडेला टोपली नाही, नुसता फुटपाथ. डोळ्याला तेवढं अंतर चालत जावं लागतं आणि तेवढ्यात दुपार होऊन जाते. घड्याळ नाही, "बराच वेळ झाला" असं कोणी लिहिलेलं नाही. कागदाची लांबी म्हणजेच वेळ. ह्यांना वेळापत्रकांमुळे हे आधीपासून ठाऊक असणार, त्या तक्त्यात एक बोट सरकलं की अर्धा तास गेलेला असायचा. मला मात्र पन्नाशी उलटल्यावर कळतंय.

आज एक फजिती पण झाली. जिन्याचं पान. नणंदेने अख्खं पान म्हणजेच इमारत केली, आणि प्रत्येक मजल्याच्या वळणावर तीच बाई, खाली ताजी, वर गेली तशी धापा टाकणारी. केवढी खूश होती स्वतःवर. माझ्यासमोर पान धरलं आणि मी आपलं नेहमीच्या सवयीने वरून वाचायला घेतलं. माझी शिवणवाली चौथ्या मजल्यावर दमून उभी, तिथून एकेक मजला उतरत ताजी होत गेली आणि रस्त्यावर पोचली.

"उतरली कशाला ही?" मी विचारलं.

नणंदेचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतक्या वर्षांची कारागीर, पण चढणारा माणूस आणि उतरणारी नजर यांची गाठ घालायची विसरली. मला हसू आवरेना. तिने पान उचलून दोरीवर टांगलं आणि लांबून बघत राहिली. मग समोरचं, डाव्या हाताचं पान घेतलं. त्यावर वरपासून खालपर्यंत एकच उभी चौकट ओढली आणि तिच्यात नुसती दोरी काढली. वरून सुटलेली, पानाच्या तळापर्यंत लोंबणारी, टोपली नसलेली. दोरीचं टोक जिथे संपतं तिथेच, शेजारच्या पानाच्या तळाशी, जिन्याची पहिली पायरी.

परत बघितलं. नजर दोरीला धरून खाली आली आणि आपोआप पायरीवर चढली. मग वर, वर, मजल्यामागून मजला. खरं सांगते, मला दम लागला. कोणीतरी माझी मान धरून नाही, हात धरून मला चढवत नेलं होतं आणि तो हात कुठेच दिसत नव्हता.

९ फेब्रुवारी

शेवटावरून कडाक्याचं भांडण. मला शेवटी म्हाताऱ्याच्या तोंडी काहीतरी हवं. फुगा काढायचा आणि त्यात दोनच शब्द, अगदी सोपे, हे ओळखू शकतील असे. नणंद म्हणते, फुगा आला की दादा परत अक्षरांशी झुंजत बसणार. मी म्हटलं, गोष्ट माझी आहे. ती म्हणाली, पान माझं आहे.

शिवाय बंद दाराची चौकट मला पसंत पडेना. तिने एकदा काढली, दोनदा काढली, तीनदा काढली. फळ्या, कडी, खाली उंबरा. तिन्ही जवळपास सारख्याच. मला प्रत्येकीत काहीतरी खुपत होतं आणि काय ते सांगता येत नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, "आता दादालाच देऊ." ती सगळ्या कच्च्या चौकटींच्या झेरॉक्स काढून कापते, पत्त्यांसारखे सुटे तुकडे करते आणि टेबलावर मांडून हलवून बघते. तिची कामाची रीतच आहे ती. सगळा गठ्ठा माझ्या हातात दिला, माझ्या हट्टाखातर काढलेल्या दोन फुगेवाल्या चौकटींसकट आणि तिन्ही दारांसकट. "आणि वहिनी, समोर बसायचं, पण बोलायचं नाही. नवा वाचक कुठे अडतो, कुठे मागे जातो, ते नुसतं बघायचं. तू बोललीस की तो तुझं ऐकतो. पान वाचतच नाही."

म्हटलं, एवढं कळतं मला.

१० फेब्रुवारी

सकाळी चहानंतर तुकडे ह्यांच्यासमोर ठेवले. हे डाव्या हाताने एकेक उचलून बघत होते. पहिल्यालाच फार वेळ लावला. मला वाटलं, अडले. म्हटलं, ते आकडे आहेत, कपाचे, म्हणजे बायको नाहीये. पुढचा तुकडा मीच पुढे सरकवला. मग टोपलीचं सांगितलं. मग पुढचं. न सांगून करते काय, ह्यांचा चेहरा पडत चालला होता.

जिन्यापर्यंत आले तर ह्यांनी सगळे तुकडे गोळा केले, गठ्ठा सारखा केला आणि टेबलावर पालथा ठेवला. पेपरची घडी घालतात ना, अगदी तसा.

नाही कळलं ह्यांना. माझं सगळं हसं झालं. नणंदेला अजून सांगितलेलं नाही.

१२ फेब्रुवारी

काही नाही. गठ्ठा टेबलावर तसाच पडलाय. उचलावासा वाटत नाही.

१६ फेब्रुवारी

घाईत लिहितेय, अक्षर कसंही येऊ दे.

बाजारातून परत आले, पिशवी खाली ठेवली आणि बघते तर जेवायचं टेबल भरलेलं. सगळ्या चौकटी मांडलेल्या. एकट्याने, डाव्या हाताने, काठाला काठ लावून. मधे गल्ल्या सोडून. पहिल्यापासून शेवटापर्यंत गोष्ट बिनचूक. मी पिशवी उचलायचीसुद्धा विसरले, टोमॅटो घरभर घरंगळले.

मग एकेक दिसायला लागलं. माझ्या फुगेवाल्या दोन्ही चौकटी टेबलावर नव्हत्या. खुर्चीवर पालथ्या ठेवल्या होत्या, बाजूला काढून. आणि जिन्यानंतर दार. बंद. त्याच्या शेजारी दार, बंद. त्याच्या शेजारी दार, बंद. मी नाकारलेली तिन्ही दारं ह्यांनी एका ओळीत लावली होती, आणि मग कुठे उघडं दार.

मी खुर्ची ओढून बसलेच. एक दार म्हणजे नुसतं दार होतं. तीन म्हणजे छातीत धडधड. बाई दार वाजवते आणि काही होत नाही. आणि काही होत नाही. आणि अजूनही काही होत नाही. मला कोणतंच पसंत पडत नव्हतं, कारण एक पुरणारच नव्हतं. आम्ही दोघी कारागिरीच्या गप्पा मारत बसलो होतो आणि हे ह्यांनी बसल्या जागी केलं. माझा वाचक कुठेही गेला नव्हता.

नणंदेला फोन केला, ती घरातल्या कपड्यांवरच आली. बराच वेळ टेबलाभोवती फिरत राहिली. मग ह्यांच्या शेजारी उकिडवी बसली. "दादा, तीन का रे?"

हे तिच्याकडे बघत राहिले. ओठ हलले. "ती... ती..."

"ती घाबरलीय," मी म्हटलं. "शिवणवाली. आत काय झालं असेल या भीतीने तिला ते तीन दारांएवढं वाटतं. हो ना?"

ह्यांनी ओठ मिटले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. हो म्हणायचंच राहिलं होतं, ते मी म्हणून टाकलं. नणंद माझ्याकडे असं बघत होती, की जसं काही मी तिच्या ओल्या शाईवर कोपर टेकलंय. तिचं काय बिनसलं कळलं नाही. कदाचित आपल्याला हे सुचलं नाही म्हणून.

फुगे मी सोडले. न मागता सोडले.

२३ फेब्रुवारी

पक्की पानं. आज नणंदेला दारं शाईत काढताना बघितलं. मी म्हटलं, एकच काढ आणि दोनदा छाप, सारखीच तर आहेत. ती मान हलवून नाही म्हणाली. पहिलं दार फळीन् फळी काढलं, लाकडाच्या रेषा, कडीचा खिळा. मग दुसरं, पहिल्यापासून सगळं परत. मग तिसरं. ब्रशचा आवाज येतो का कधी? आज येत होता, इतकी शांतता.

तिसरं संपवून ती म्हणाली, "तीन दारांना तीन दारांचा वेळ लागायलाच हवा. हाताने तो काढला नाही, तर कागदावर कुठून येणार?" मग ब्रश धुताना माझ्याकडे वळून बघितलं. "वहिनी, बरं वाटतंय ना? दुपारपासून एक शब्द बोलली नाहीस."

खरंच की. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. दुपारभर मी त्या दारांसमोर बसून होते आणि सांगण्यासारखं काही सुचलं नव्हतं. दार होईपर्यंत बघत राहावं, एवढंच.

२ मार्च

आज टाचलेली पानं ह्यांच्या हातात दिली आणि समोरच्या खुर्चीत बसले. पूर्वी बसायची तशी. जीव टांगणीला लागला होता. कथा बरी की वाईट याची आज पर्वाच नव्हती. हे वाचतील का, एवढंच. हात मांडीखाली दाबून ठेवले आणि जीभ दातांमागे.

ह्यांनी पहिलं पान उघडलं. आकड्यांवर थांबले. बोट उचलून रिकाम्या आकड्यावर ठेवलं, हलकेच, धूळ तपासावी तसं. मी काही बोलले नाही. टोपली उतरली, ह्यांच्या डोळ्यांमधून उतरताना मला दिसली. रुंद चौकटीतला फुटपाथ ह्यांनी सावकाश चालून पार केला. दोरीवरून खाली आले, पायरीवर चढले. ह्यांचा चेहरा. काय लिहू. तोच चेहरा. घरात वाचणारा माणूस बसला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी पुसलं नाही, न जाणो हललं तर मोडेल सगळं.

मग तीन दारांचं पान आलं. उघडं दार पलीकडच्या पानावर आहे, उलटल्याशिवाय दिसत नाही. हे थांबले. थांबूनच राहिले. मला वाटलं, अडले. वाटलं, पान उलटायला उजवा हात साथ देत नाहीये. आणि माझा हात, खरंच मला न विचारता, मांडीखालून निघाला आणि पानाच्या कोपऱ्यावर गेला.

ह्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला. दाबून.

"म्हा..." म्हणाले.

पुढचा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. मी गिळला. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं, गाडी मागे घेतली, कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. एवढं सगळं होऊन गेलं.

"म्हातारा," ह्यांनी म्हटलं. मग माझा हात सोडून बोट पहिल्या दारावर ठेवलं. "उठला."

दुसऱ्या दारावर. फार वेळ. "भिंत... भिंत धरून."

मी दाराकडे बघितलं. फळ्या, कडी, उंबरा. नणंदेने तिथे कोणाला काढलेलं नाही, मी कोणाला लिहिलेलं नाही. आणि आत एक माणूस पलंगावरून उठून भिंत धरत, एकेक पाऊल टाकत दाराकडे निघाला होता. इतके दिवस मी बाहेर शिवणवालीजवळ उभी राहून तिची भीती मोजत होते. हे आत होते. झटका आल्यापासून आत होते, रोज दाराकडे निघत होते, आणि मी रोज बाहेरून कडी काढून घुसत होते, चष्मा घेऊन, जेवण घेऊन, शब्द घेऊन.

तिसऱ्या दारावर बोट आलं तेव्हा मी काहीच केलं नाही. वाट बघितली.

"येतोय," हे म्हणाले. माझ्याकडे बघून म्हणाले. "हळू... पण... येतोय."

मी मान हलवली. कोपऱ्यावरचा हात मागे घेतला. आम्ही दोघं त्या पानापाशी बसून राहिलो, किती वेळ ते मी बघितलं नाही. मग पान ह्यांनीच उलटलं.